शंभराच्या पुढे गप्प

पूनमसिंगने दिग्रसच्या बस आगारात एकतीस वर्षं कंडक्टरकी केली. त्या एकतीस वर्षांत त्याने कोणाला एखादी गोष्ट वेळेवर सांगितली, असं हंसाबाईच्या कानावर कधी आलं नाही. गाडी यवतमाळपर्यंत जाणार नाही, दारव्ह्यालाच संपणार आहे, हे त्याला फलाटावरच ठाऊक असायचं. म्हातारी पोतं घेऊन चढताना तो बघायचा. पोतं सीटखाली गेलं, म्हातारी टेकली, पदराची गाठ सुटली, गाव मागे पडलं, की मग हा मान वर करून म्हणायचा, "यवतमाळ? हे यवतमाळले नाही जात ना, बाई."

म्हातारी शिव्या घालायची. हा तिकीट देत राहायचा.

त्याला वाईट माणूस कोणी म्हणत नसे. शांत माणूस म्हणत. आगारात, सोयऱ्याधायऱ्यांत, सहा किलोमीटरवरच्या त्यांच्या तांड्यात, सगळीकडे त्याचा हाच लौकिक होता. हंसाबाईच्या मैत्रिणींना तर तिचा हेवा वाटायचा. कोणाचा नवरा पितो, कोणाचा ओरडतो, हिचा मात्र देवमाणूस. हंसाबाई काही बोलत नसे. तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं, की वाईट बातमी सांगणाऱ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात ती नजर या माणसाला सोसत नाही. ती आपल्यावर येऊ नये एवढ्यासाठी तो दुसऱ्याला खड्ड्यात जाऊ देईल, आणि मग काठावर उभा राहून हळहळेल. हळहळायला मात्र त्याला फार छान यायचं.

निवृत्त झाल्यावर त्याने पडवीत प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि अडकित्ता हातात घेतला. दोन वर्षं तो सुपारी कातरत शांत बसला होता. त्याला काही तत्त्व वगैरे नव्हतं. ते त्याला मागच्या दिवाळीत मिळालं, आणि तेही घरबसल्या, धाकट्या भावाच्या तोंडून.

धाकटा भाऊ बादल नागपूरला विमानं दुरुस्त करण्याच्या हँगरमध्ये तंत्रज्ञ आहे. तांड्यातला विमानाला हात लावणारा पहिला माणूस. तो आला की पडवीत गर्दी होते. त्या दिवाळीलाही झाली. बादलने मोबाईलवर एक आवाज वाजवून दाखवला. कोणी इंग्रज माणूस घशात लोखंड अडकल्यासारखा दोनदा म्हणाला, "विंडशिअर अहेड, विंडशिअर अहेड."

"हे काय म्हंते?" एका म्हातारीने विचारलं.

"समोर वाऱ्याचं वावधन हाये म्हंते, काकी. पायलटले सांगते."

मग बादलने फराळाच्या ताटातली एक करंजी उचलली आणि ताटाच्या काठावरून पळवत नेली. "हे पाय भिया, हे इमान. याच्या नाकात रडार रायते. वारा समोरून येत रायला त इमान उचलते. थोच वारा एकदम पलटला, मागून ढकलाले लागला, त इमान खाली बसते. जमिनीजवळ असलं त संपलंच. म्हनून रडार पुढचं वावधन पाह्यते आन वरडते. पन उडताना शंभराच्या वर स्पीड गेला, का थे गप्प. पन्नास फूट वर जाईपर्यंत एक नवा शब्द काढत नाही. उतरताना बी तसंच. पन्नास फुटाच्या खाली आलं, का गप्प."

पूनमसिंगचा अडकित्ता थांबला. "वावधन दिसत असलं तरी?"

"दिसत असलं तरी. आवाज मुद्दाम दाबून ठेवला हाये त्याचा. बनवनाऱ्यानंच."

"काहून?"

"इतक्या जोरात असताना सांगून काय फायदा? पायलट दचकला, ब्रेक दाबला, त धावाची पट्टी पुरत नाही. त्यापक्षा उडालेलं बरं."

पूनमसिंगने डोळे मिटले. हंसाबाई दारात चिवड्याचा डबा धरून उभी होती. मुलगी झाली तेव्हा, नोकरी पक्की झाली तेव्हा, कधीच या माणसाच्या चेहऱ्यावर इतकं समाधान तिने पाहिलं नव्हतं. आपण जन्मभर जे करत आलो ते कोट्यवधींच्या यंत्रातसुद्धा बसवलेलं आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं. बादलने करंजी खाऊन टाकली. पूनमसिंगने मात्र ती जन्माची पुरवली.

त्यानंतर घरात आणि बाहेर एकच पालुपद सुरू झालं. शेजारच्या बारशाला वरणात मीठ नव्हतं. पंगत अर्ध्यावर आल्यावर हा शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणाला, "मले माहीत होतं. पन पंगत बसली होती ना. शंभराच्या वर." मागच्या गल्लीत एकाच्या स्लॅबला लावलेला टेकू वाकडा होता. हा दोनदा तिथून चक्कर मारून आला, स्लॅब पडल्यावर तिसऱ्यांदा गेला आणि त्या घरमालकाला विमान समजावून सांगितलं. एका लग्नात हंसाबाईचं पातळ मागून हातभर उसवलं होतं. सगळा मांडव फिरून, आहेर देऊन, फोटो काढून ती घरी आली तेव्हा हा म्हणाला, "मागून फाटलं हाये तुह्यं."

"कवा पाह्यलं तुमी?"

"निंघतानी."

"मंग घरीच सांगाले काय झालतं?"

"तू चपला घातल्या होत्या," तो शांतपणे म्हणाला. "घाईत होती. शंभराच्या वर माणसाले इचकू नये."

लोकांना हे फार आवडायचं. चहाच्या टपरीवर निवृत्त मंडळी माना डोलवायची. पूनमसिंग आता नुसता शांत माणूस राहिला नव्हता, विचारी माणूस झाला होता. हंसाबाई भाकरी थापताना हे ऐकायची आणि तिच्या हातून परातीवर जरा जोराची थाप पडायची.

मुलीचं नाव वर्षा. वय सत्तावीस. पुसदला एका लॅबमध्ये रक्त तपासते. सकाळी साडेसातची गाडी धरते, संध्याकाळी सहाला परत येते. कमी बोलते. पण तिचं कमी बोलणं बापासारखं नाही. ती विचारलेल्याचं उत्तर देते आणि कागदावर जे असेल तेच देते. शेजारणीची साखर तीनशेवर निघाली तेव्हा तिने तीनशेवर असंच सांगितलं, "थोडीशी वाढली" असं नाही सांगितलं.

तिला स्थळ आलं ते केळापूरकडच्या एका तांड्यातून. मुलगा राजदीप, आश्रमशाळेत कायम लिपिक. गोरा, उंच, हसरा. वर्षाशी दोनदा बोलला. लग्नानंतर नोकरी कर म्हणाला. माघी पुनवेला गोळ खाल्ला गेला. तांड्यात गोळ खाणं म्हणजे नुसती सुपारी फोडणं नव्हे. नायक बसतो, पंच बसतात, दोन्हीकडची मंडळी सगळ्यांच्या देखत गूळ तोंडात घालतात, आणि तो एकदा गिळला की शब्द गेला. मग माघार घेणाऱ्याला चार तालुक्यांतले तांडे नावं ठेवतात. लग्न मे महिन्यात ठरलं.

मार्चअखेर हंसाबाई कुरडयांचे गहू घेऊन चक्कीवर गेली. तिथे विमलताई भेटल्या. विमलताई निवृत्त नर्स. आधी कळंबकडच्या एका उपकेंद्रात होत्या, आता मुलाकडे दिग्रसला राहतात. चक्कीचा आवाज असा, की शेजारच्या बाईशीही ओरडून बोलावं लागतं.

"कुठं देल्ली वर्षीले?" विमलताई ओरडल्या.

"केळापूरकडं! आश्रमशाळेत हाये पोरगा! राजदीप नाव!"

"उकंडाचा राजदीप?"

"हो! वयखता काय?"

विमलताईंनी तिच्या कानाजवळ तोंड आणलं आणि सगळा जोर लावून ओरडल्या, आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. पट्टा फडफडून थांबला. बंद चक्कीत, सात बाया आणि चक्कीवाला ऐकत असताना, विमलताईंचं वाक्य मोठ्याने पडलं: "त्याच्या पहिल्या बायकोच्या कानाचा पडदा मीच पाह्यला ना, फाटलेला!"

चक्कीवाल्याने उगाच जात्याच्या तोंडावर हात फिरवला. विमलताईंनी तोंडावर पदर घेतला.

"बाई, मले वाटलं तुमाले माहीत असन."

त्यांनी हंसाबाईला बाहेर ओट्यावर नेलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वी राजदीपचं लग्न झालं होतं. पोरगी कळंबकडची, जमना. पाच महिने नांदली. माहेरी आली तेव्हा डाव्या कानातून पाणी वाहत होतं. थप्पड बसली म्हणाली, आणि ती पहिली नव्हती. विमलताईंनीच तिला यवतमाळला पाठवलं. मग दोन तांड्यांच्या पंचांनी मिळून गुपचूप काडीमोड केला, आणि मुलीचं नाव खराब नको म्हणून सगळ्यांनी तोंड शिवलं. नाव कोणाचं वाचलं ते दिसतच होतं.

हंसाबाई गहू तिथेच टाकून घरी आली. पूनमसिंग पडवीत पत्रिकेचा नमुना तपासत होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बोट एकेका नावाखाली. तिने उभ्याउभ्याच सांगितलं. पहिली बायको. थप्पड. कान.

ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. माणूस असं ऐकून "काय?" म्हणतो. "कोन म्हंते?" म्हणतो. निदान खोटं आहे म्हणतो. पूनमसिंगने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

"आता शंभराच्या वर हाये, वर्षीच्या माय," तो म्हणाला.

हंसाबाईला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं, आणि ती खाली बसली.

"तुमाले माहीत होतं."

"माहीत कशाचं? लोकं काईबी बोलतात. आन आता माहीत असून काय? गोळ खाल्ला हाये. पत्रिका छापाले गेल्या. आता ब्रेक मारला त पट्टी पुरन काय? पोरीचं मन कायले इचकवाचं? जाऊ दे उडून. वर गेल्यावर पाहू." थोडं थांबून तो पुढे म्हणाला, "सत्तावीसची हाये थे. कायम नौकरीवाला दुसरा कोन येते? पोट्टं आता सुधरलं असन."

"आन नसन सुधरलं त?"

त्याने हळहळून मान हलवली. अगदी तश्शी, जशी खाली पडलेल्या स्लॅबकडे बघून हलवली होती.

"तू शिकलेली नाहीस," तो समजुतीने म्हणाला. "हे मोठ्ठाल्या इंजिनेरांनी डोकं लावून केलेलं हाये."

हंसाबाई सातवी शिकलेली होती. ती उठून आत गेली, दार लोटलं, आणि बादलला फोन लावला. दुपारची जेवणाची सुट्टी होती. मागे कुठेतरी लोखंड ठोकल्याचा आवाज येत होता.

"बादल, थे तुह्यं वावधनाचं यंत्र. थे कवापासून कवापर्यंत गप्प रायते, मले नीट सांग."

बादल हसला. "भाभी, काय पायलट बनून राह्यली काय?"

"सांग."

"उडताना शंभर नॉटपासून. म्हंजे आपले तासाले एकशे पंच्याऐंशी किलोमीटर. तिथून त पन्नास फूट उंच होईपर्यंत."

"किती वेळ झाला थो?"

"लई त लई पंधरा-वीस सेकंद."

"सेकंद?" तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "तास नाही, दिवस नाही?"

"सेकंद, भाभी. चहा गाळून होत नाही तेवढ्यात."

"आन शंभराच्या पहिले?"

"पहिले त वरडलंच पाह्यजे. त्याचंच काम हाये. दिसलं का वरडते आन पायलट तिथंच थांबते, उडतच नाही. शंभराच्या पहिले त पट्टी मोकळी रायते ना समोर."

"आन पन्नास फुटाच्या वर गेल्यावर?"

"मंग परत चालू. आन दुसरं बी एक यंत्र हाये, थे पुढं नाही पाह्यत. इमान वावधनात सापडलं का त्याले कळते. थे त जमीन सुटल्यावर दोन-तीन सेकंदांतच वरडाले मोकळं."

हंसाबाईने लोटलेलं दार नीट लावून घेतलं. मग तिने विचारलं, "आन उभ्या इमानात, शंभराच्या पहिलेच, एखादं यंत्र गप्प बसलं, त तुमी काय करता?"

"तपासतानी बोललं नाही त? बाद म्हणून लिवतो आमी. दुरुस्त होईपर्यंत त्याच्या भरवशावर कोनी बसत नाही."

"बरं," हंसाबाई म्हणाली. आणि मग, तोच आवाज ठेवून, "राजदीपच्या पहिल्या बायकोचं तुले कवा कळलं?"

लोखंड ठोकल्याचा आवाज चालू राहिला.

"बादल."

"संक्रांतीले," तो म्हणाला. "भियाच बोलला. त्याले त्याच्या आगारातल्या रामधन कंडक्टरनं सांगतलं होतं, केळापूरकडच्या पांढरकवडा गाडीवर असते थो. मी म्हनलं, भिया, भाभीले सांग. थो म्हने, पाहू. मंग मले वाटलं सांगतलंच असन. मंग गोळ झाला, मंग मी कसा..."

"तू शिकलेला हायेस रे," हंसाबाई म्हणाली, आणि फोन ठेवला.

संक्रांत. गोळ माघी पुनवेला. मध्ये जवळजवळ महिना. विमान अजून सुरूसुद्धा झालं नव्हतं. माणसं चढत होती, सामान ठेवत होती, आणि हा यंत्राचं सोंग घेऊन गप्प बसला होता. तिला पातळाचं आठवलं, वरणाचं आठवलं. प्रत्येक वेळी याने चुलीजवळच चाखलं होतं, उंबऱ्यातच पाहिलं होतं. शंभर कधीच नव्हते. हा माणूस शंभर होण्याची वाट बघत बसायचा.

ती बाहेर आली. त्याच्याशी बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने चूल पेटवली, डाळ चढवली.

सहा वाजता वर्षा आली. चपला काढून, हातपाय धुऊन, ती माजघरात बसली. पूनमसिंग घाईघाईने आत आला. आयुष्यात पहिल्यांदा तो घाईत होता.

"वर्षीच्या माय, चहा दे तिले. थकून आली हाये. आज काई बोलू नको."

"याडी, काय झालं?" वर्षाने आईला विचारलं.

हंसाबाईने चहाचा कप तिच्या हातात दिला आणि सांगितलं. राजदीपचं लग्न, जमना, थप्पड, कान. विमलताईंनी स्वतः पाहिलेलं. मग म्हणाली, "आन तुह्या बाले हे संक्रांतीपासून माहीत हाये."

वर्षाने कप खाली ठेवला. मग तिने विचारलं, "कोनता कान?"

"डावा."

"विमलताईपाशी नंबर असन तिचा?"

"वर्षे, बेटा," पूनमसिंग पुढे सरकला, "मी तुह्याच चांगल्यासाठी..."

"बा, थांबा," ती म्हणाली. रागाने नाही. लॅबमध्ये पेशंट मध्येच बोलला तर म्हणत असेल तसं.

अर्ध्या तासाने तिने जमनाला फोन लावला. हंसाबाई शेजारी बसली होती. तिने स्वतःचं आणि राजदीपचं नाव पलीकडे सांगितलं. मग एक बारीक आवाज म्हणाला, "थांब व ताई, दुसऱ्या कानाले लावतो. या कानानं नाही आयकू येत."

पुढचं वर्षाने फारसं विचारलंच नाही. ऐकत राहिली, अधूनमधून "हं" म्हणत. फोन ठेवून ती म्हणाली, "मी नाही जात तिथं." आणि उठून ताट घेतलं.

गोळ मोडायचा म्हणजे नायकापुढे जावं लागतं. पूनमसिंगने तीन दिवस टाळलं. पोटात दुखतं म्हणाला, तिथी बरी नाही म्हणाला, बादलला येऊ दे म्हणाला. चौथ्या दिवशी हंसाबाई पातळ नेसून तयार झाली, तेव्हा तो निमूटपणे मागून आला. वर्षाने रजा टाकली होती.

तांड्यात सेवालाल महाराजांच्या देवळापुढे पत्र्याचा मंडप आहे. नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, तिथे बसते. हरिसिंग नायक सत्तरीचे, पाठीत वाकलेले, पण कान तिखट. समोर राजदीपचा बाप उकंडा दोन म्हाताऱ्यांना घेऊन आला होता. राजदीप आला नव्हता. बाया नेहमीप्रमाणे बाजूच्या कट्ट्यावर.

"बोल, पूनम," नायक म्हणाले.

पूनमसिंगने घसा साफ केला. "नायक, इमानाच्या नाकात एक रडार रायते..."

"कायच्या नाकात?"

"इमानाच्या. थे पुढचं वावधन पाह्यते. पन शंभराच्या वर..."

पाचेक मिनिटं तो विमान उडवत राहिला. उकंडाकडचे म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. एकाला वाटलं बहुतेक मुलीला परदेशी पाठवायची आहे. हंसाबाईने नजर जमिनीवर ठेवली. इतक्या वर्षांत या माणसाची तिला लाज वाटून वाटून संपली होती. पण आज अजून थोडी शिल्लक निघाली.

"इमान राहू दे," नायक शेवटी म्हणाले. चक्कीतली गोष्ट त्यांच्या कानावर आधीच आली होती. "पोराचं पहिलं लगन झालतं, हे तू कवा आयकलं?"

पूनमसिंगने इकडे तिकडे बघितलं.

"संक्रांतीले."

"आन गोळ कवा खाल्ला?"

"माघी पुनवेले."

"तूच खाल्ला ना? माह्या देखत?"

"हो."

"मंग तुह्यं तोंड फक्त गोळ खायालेच हाये काय?"

कट्ट्यावरच्या बायांत कोणीतरी फिस्सकन हसलं. उकंडाने संधी साधली. "नायक, पोरगं तवा तरणं होतं. एखाद्या वेळी हात उठते. आन तिचा कान त पहिलेपासूनच खराब होता."

वर्षा कट्ट्यावरून उठली. नसाबीत पोरींनी बोलायचं नसतं. पण तिने कोणाला विचारलंही नाही. "मी जमनाबाईशी बोलली," ती म्हणाली. "यवतमाळच्या डॉक्टरचा कागद हाये तिच्यापाशी, फोटो पाठवला तिनं मले. नवीन फाटलेला पडदा, असं लिवलं हाये. तारीख हाये. मोठ्यानं वाचू?"

उकंडाने हात हलवून नको म्हटलं. त्याच्या बाजूचे म्हातारे जमिनीवर रेघोट्या ओढू लागले. ते दोघंही चार वर्षांपूर्वीच्या काडीमोडाला पंच होते, हे मंडपातल्या सगळ्यांना आता न सांगताच कळलं.

हंसाबाईने पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. तीत गुळाचा खडा होता. असा काही रिवाज नव्हता. तिने आपल्या मनानेच आणला होता. तो तिने उकंडापुढे ठेवला. "तुमचा गोळ," ती म्हणाली. "आमी खाल्ला तेवढा."

नायकांनी थोडा वेळ त्या खड्याकडे बघितलं, मग पंचांकडे. "मोडला," ते म्हणाले. "आन दोष मुलीकडचा नाही, हे सगळ्या तांड्यांनी आयकावं."

परतीची गाडी फाट्यावर उभी होती. चालत तिथे जाईपर्यंत पूनमसिंगला पुन्हा कंठ फुटला होता. "बरं झालं मी वेळेवर तारखा सांगतल्या," तो पुढे चालता चालता म्हणाला. "नाही त उकंडा आयकत नव्हता. हरिसिंग बी दचकला. माणसानं असं मुद्द्यावर बोलावं."

मायलेकी मागून येत होत्या.

तो पुढे होऊन आधी चढला. जुन्या सवयीने त्याने मधली तिघांची सीट धरली, खिडकीजवळ बसला आणि उरलेल्या दोन जागांवर उपरणं पसरलं. हंसाबाई आणि वर्षा मागून चढल्या, त्याचं तोंड खिडकीकडे असताना शेजारून गेल्या आणि शेवटून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. वर्षाने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं.

गाडी भरत गेली. हातात कोंबडी घेतलेला एक माणूस पूनमसिंगपाशी थांबला.

"इथं कोनी हाये काय, बुवा?"

"हायेत," पूनमसिंग खिडकीतून फाट्याकडे बघत म्हणाला. "दोघी हायेत. येऊन राह्यल्या."

माणूस कोंबडी सावरत उभाच राहिला. गाडी सुटली. दिग्रस येईपर्यंत त्या दोन जागा रिकाम्या राहिल्या, आणि मागच्या बाकावरून त्याला कोणी काही सांगितलं नाही.